सोलापूरची द्राक्षबाग: पाण्यावरून घड ठरवा, घडांवरून माणसं

सोलापूर जिल्ह्याची कोरडी हवा आणि भरपूर ऊन द्राक्षाला मानवतं. सोनाका हे वाण नान्नजच्या बागेत निवडून काढलेलं, आणि पंढरपूरजवळच्या कासेगावचा बेदाणा तर सगळ्या बाजारात ओळखीचा. मात्र इथे पाऊस बेभरवशाचा आहे, जमीन चुनखडीची आहे आणि विरळणीच्या, म्हणजे घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढण्याच्या, दिवसांत माणूस मिळत नाही. आमच्या पाहण्यात बागा भुरी-केवडा या बुरशीरोगांपेक्षा या तीन गोष्टींचा हिशेब चुकल्यामुळे जास्त लवकर थकतात. म्हणून या लेखात वर्षाचं काम त्याच क्रमाने घेतलं आहे: पाणी, जमीन, छाटणी, घड आणि माणसं. आकडे ९ × ५ फुटांवरच्या, डॉगरिज खुंटावर (मुळं पुरवणाऱ्या वेलीवर) कलम केलेल्या, चालू फळाच्या बागेचे आहेत. एकरात अशा साधारण ९६८ वेली बसतात. अंतर वेगळं असेल तर ४३,५६० ला एका वेलीच्या चौरस फुटांनी भागून स्वतःचा आकडा काढावा.

मार्चमध्येच पाणी मोजा

पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची पाण्याची पद्धत बाष्पीभवनावर चालते. एक मिलिमीटर बाष्पीभवनामागे वाढीच्या काळात हेक्टरी ४,२०० लिटर द्यायचं आणि काडीत घड तयार होताना किंवा फुलोऱ्यात १,४०० लिटर. एकराला हे अनुक्रमे सुमारे १,७०० आणि ५७० लिटर पडतं. रोजचा बाष्पीभवनाचा आकडा मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या हवामान केंद्रात विचारता येतो.

वर्षाचा अंदाज असा निघतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या (नवी काडी तयार करण्यासाठीच्या छाटणीनंतरच्या) पहिल्या चाळीस दिवसांत बाष्पीभवन रोज १० मिलिमीटरच्या घरात असतं. म्हणजे एकरी रोज १७,००० लिटर आणि चाळीस दिवसांचे ६.८ लाख. तिथून पावसाळा संपेपर्यंत २.५ ते ३ लाख, त्यातलं बरंचसं पाऊस भागवतो. ऑक्टोबरच्या, म्हणजे फळासाठीच्या, छाटणीनंतर चाळीस दिवस रोज ५ मिलिमीटर धरले तर ३.४ लाख, फुलोऱ्यात अर्धा लाखाच्या आत, मणी वाढण्याच्या पन्नास दिवसांत ४ लाख आणि मण्यात पाणी उतरल्यापासून काढणीपर्यंत अडीच लाख. बेरीज २० लाख लिटरच्या आसपास जाते.

यात अडचणीची जागा पहिलीच आहे. वर्षाच्या पाण्यातला एक तृतीयांश वाटा एप्रिल-मे मागतो, आणि तेव्हाच विहीर तळाला असते, उजनीच्या आवर्तनाचाही भरवसा नसतो.

३० × ३० मीटर तोंडाचं, ३ मीटर खोल आणि एकास एक उताराचं शेततळं काठोकाठ भरलं तर सुमारे २२ लाख लिटर धरतं. त्यातून उन्हाळ्यात रोज सहा हजार लिटर नुसतं उडून जातं. अस्तर असलं तरी हे उडणं थांबत नाही. त्यामुळे एका तळ्यावर दोन एकर द्राक्ष हे गणित सोलापुरात बसत नाही. विहिरीची जोड असेल तर एक एकर व्यवस्थित निघतो. टँकरवर खरड काढण्याची वेळ आली तर बाग वाढवली तिथेच चूक झाली असं समजावं.

मार्चअखेर दोन गोष्टी करा. विहिरीत पाणी किती फूट आहे आणि सहा तास उपसल्यावर किती तासांत परत भरतं ते लिहून ठेवा. तळ्यात फुटांच्या खुणा असलेली पट्टी उभी करा. ६.८ लाखांची सोय नसेल तर पाणी असलेल्या तुकड्याची खरड वेळेवर घ्या. उरलेला तुकडा उशिरा घेण्याचा मार्ग मोकळा असतो, पण मेच्या मध्याच्या पुढे गेलेल्या छाटणीत काडी पक्व होण्याचे दिवस ढगाळ हवेत सापडतात आणि ऑक्टोबरला घड कमी निघतात.

ठिबक खरंच किती देतंय?

वेलीला रोज १७–१८ लिटर लागत असतील आणि तिच्याजवळ ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर असतील, तर सव्वादोन तास चालवावं लागतं. हे ड्रिपर खरोखर चार लिटर देत असतील तरच. तपासायला लाईनच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे मिळून सोळा ड्रिपर घ्या, प्रत्येकाखाली डबा ठेवून सहा मिनिटं पाणी धरा. चार लिटरच्या ड्रिपरमधून ४०० मिली पडायला हवं. सर्वांत कमी भरलेल्या चार डब्यांची सरासरी सगळ्या सोळांच्या सरासरीने भागा. उत्तर ०.९ च्या वर असेल तर उत्तम. ०.८ च्या खाली असेल तर शेवटच्या वेली उपाशी आहेत, आणि त्यांच्यासाठी वेळ वाढवला की पहिल्या वेलींच्या मुळाशी पाणी साठून पांढरी मुळं गुदमरतात.

आपल्याकडच्या जड पाण्याने ड्रिपरमध्ये चुना बसतो. त्यासाठी आम्ल प्रक्रिया करावी लागते. वीस लिटर पाण्यात थोडंथोडं आम्ल टाकत सामू (पीएच) ४ वर येईपर्यंत किती लागलं ते मोजा, त्याच प्रमाणात व्हेंच्युरीतून (ठिबकच्या पाण्यात द्रावण ओढणाऱ्या नळीतून) द्या, शेवटच्या ड्रिपरपर्यंत पोचलं की बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी लॅटरलची (ओळीतल्या ठिबक नळ्यांची) टोकं उघडून धुवा. आम्ल नेहमी पाण्यात टाकायचं, पाणी आम्लात कधीच नाही. क्लोरीनची प्रक्रिया त्याच दिवशी करू नये. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो, आणि व्हेंच्युरीजवळ माणूस उभा असतो.

बोदावर (वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या वरंब्यावर) उसाचं पाचट चार इंच जाड अंथरा. आसपास एवढे साखर कारखाने आणि एवढा ऊस असताना पाचट जाळून द्राक्षाला प्लास्टिक आणणं आम्हाला पटत नाही. पाचट खोडाला चिकटवू नका, वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर वाळवी आणि खोडकिडा तिथेच ठाण मांडतात. पाणी पुरतंय की नाही हे पाचट बाजूला करून, फूटभर खोल माती मुठीत दाबून ठरवा. गोळा होऊन बोटाला ओल लागत असेल तर त्या दिवशी पाणी देऊ नका, आकडा काहीही म्हणो.

चुना, क्षार आणि गंधक

माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. मातीच्या अहवालात सामू, क्षारता, मुक्त चुना आणि सोडियमचं प्रमाण बघा. पाण्याची क्षारता (ईसी, डेसीसिमेन्स प्रति मीटरमध्ये) १ च्या खाली असेल तर द्राक्षाला चालते, १ ते २ मध्ये सांभाळून घ्यावं लागतं आणि २ च्या वर दरवर्षी उत्पन्न घटतं. क्लोराइड लिटरला ४ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर नको. जुन्या पानांच्या कडा जळायला लागल्या की अनेकजण पोटॅशची कमतरता म्हणून आणखी खत टाकतात. ती जळ सोडियम-क्लोराइडचीही असू शकते, आणि तसं असेल तर जादा खताने क्षार वाढतात. आधी देठ परीक्षण करा. खरडीनंतर ४५ व्या दिवशी तळाकडून पाचव्या पानाचा देठ घ्यायचा, फळ छाटणीनंतर पूर्ण फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा. बागेत तिरकस फिरून शंभरेक देठ गोळा करा आणि पात्याचा भाग तिथेच तोडून टाका.

नवी लागण करायची असेल आणि पाणी क्षारयुक्त असेल तर डॉगरिजऐवजी ११० आर खुंटाचा विचार करा. डॉगरिज जोमदार आहे, पण क्षाराच्या जमिनीत सोडियम उचलतो आणि फूटही मागेपुढे होते.

जिप्समबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे. ढेकळावर पातळ आम्लाचे थेंब टाकल्यावर फस्स करून फेस आला, तर जमिनीत कॅल्शियम भरपूर आहे, फक्त चुन्याच्या रूपात अडकून पडलं आहे. तिथे जिप्समवर पैसे घालवण्यापेक्षा गंधक द्या. जिवाणू गंधकाचं आम्ल करतात, ते चुन्याशी मिळून जमिनीतच जिप्सम तयार होतं. एकरी ५० ते १०० किलो गंधक, शेणखतात मिसळून, दोन हप्त्यांत बोदावर द्यावं. जिवाणूंना ओल लागते, म्हणून कोरड्या बोदावर टाकलेलं गंधक महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं.

ठिबकने क्षार ओल्या वर्तुळाच्या कडेला ढकललेले असतात. जूनचा पहिला हलका पाऊस पडला की तेच क्षार विरघळून मुळांकडे येतात, आणि नेमकं तेव्हाच “पाऊस आला” म्हणून ठिबक बंद होतं. पहिले दोन-तीन हलके पाऊस पडत असताना ठिबक चालू ठेवा. ५०–६० मिलिमीटरचा एक दणका बसला की मग बंद करा, आणि त्याआधी दोन ओळींमधली चारी उतारापर्यंत मोकळी करून ठेवा.

जूनमध्ये ओळींच्या मधल्या पट्ट्यात ताग किंवा धैंचा पेरा आणि ४०–४५ दिवसांनी, फुलं येता येता, मोडून बोदावर टाका. छाटणीच्या काड्या बांधावर नेऊन पेटवू नका. श्रेडरने बारीक करून शेणखत आणि ट्रायकोडर्माबरोबर कुजवा. मात्र करप्याचे डाग असलेली आणि खोडकिड्याने पोखरलेली काडी वेगळी काढा आणि बागेबाहेर नष्ट करा. इथे काटकसर करू नये.

एप्रिलचं ऊन आणि छाटणीची टोळी

खरड छाटणी ४० अंशांच्या पुढच्या उन्हात होते. काम सकाळी सहा ते अकरा आणि चार ते साडेसहा असं लावा. मधल्या वेळात पैसे कापायचे नाहीत, सावली द्यायची. माणशी तासाला पाऊण ते एक लिटर पाणी बागेतच हवं. विहिरीवर जाऊन पिऊन या म्हटलं की बायका जात नाहीत, कारण आडोसा नसतो म्हणून त्या पाणीच कमी पितात. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असं मिश्रण तयार ठेवा. घाम थांबून अंग तापलं, बोलण्यात असंबद्धता आली तर तो उष्माघात आहे. सावलीत झोपवून कपडे ओले करा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

ऑक्टोबर छाटणीची पेस्ट

वर्षातलं सर्वांत धोक्याचं काम हे आहे आणि सर्वांत निष्काळजीपणे होतं तेही हेच. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटणीनंतर दोन दिवसांच्या आत काडीच्या डोळ्यांना ५० टक्के हायड्रोजन सायनामाइड लावतात, लिटरला ३० ते ४० मिली. जाड काडी आणि थंड हवा असेल तर वरचं प्रमाण. बारीक काडी आणि ऊन असेल तर खालचं. डोळा सुटू नये आणि दोनदा लागू नये म्हणून त्यात गेरू किंवा रंग मिसळतात. ही पद्धत चांगली आहे.

बहुतेक ठिकाणी हे द्रावण डब्यात घेऊन उघड्या हाताने स्पंज किंवा कापडाने लावतात. हे रसायन कातडीतून शरीरात जातं, हातावर फोड येतात, डोळ्यात गेलं तर इजा होते. आणखी एक गोष्ट बाटलीवर लिहिलेली असते पण वाचली जात नाही: शरीरात याचा अंश असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, दम लागतो, रक्तदाब उतरतो. जीवही जाऊ शकतो. म्हणून पद्धत अशी ठेवा:

१. आदल्या दिवशी टोळीला मराठीत आणि विजयपूरकडची माणसं असतील तर कन्नडमध्येही सांगा: काल किंवा आज दारू घेतलेल्याने उद्या पेस्टला यायचं नाही, आणि पेस्टनंतर आठवडाभर घ्यायची नाही. जो खरं सांगेल त्याला त्या दिवशी काड्या गोळा करायचं काम त्याच हजेरीवर द्या. हजेरी बुडणार असेल तर कुणी खरं सांगणार नाही.

२. नायट्रिलचे किंवा जाड रबरी हातमोजे कोपरापर्यंतचे हवेत. कापडी मोजा द्रावण शोषून दिवसभर कातडीला लावून ठेवतो, त्यापेक्षा मोजा नसलेला बरा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट आणि डोळ्यांना चष्मा. मांडवाकडे वर हात केला की द्रावण मनगटावरून कोपराकडे ओघळतं, म्हणून मोज्याची कड बाहेर दुमडून घ्या.

३. द्रावण मालकाने किंवा एकाच जाणत्या माणसाने तयार करावं. मुकादमाच्या हाती बाटली देऊन मोकळं होऊ नये.

४. बागेच्या दोन्ही टोकांना साबण आणि पाण्याचा ड्रम. बिडी, तंबाखू, पाणी यापैकी काहीही हात धुतल्याशिवाय नाही. काम संपल्यावर आंघोळ आणि कपडे वेगळे धुणं.

५. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला आणि अठरा वर्षांखालील कुणालाही हे काम देऊ नका. चौदा वर्षांखालील मुलाला कुठलंच काम देता येत नाही, आणि चौदा ते अठरामधल्याला धोक्याचं काम कायद्यानेच बंद आहे.

घड आणि विरळणी

निर्यातीसाठी दीड चौरस फुटाला एक घड धरतात. ९ × ५ च्या वेलीला ४५ चौरस फूट मिळतात, म्हणून तीस घड. प्रत्येक घडामागे पंधरा-सोळा निरोगी पानं असली तरच १८ मिलिमीटरचा मणी आणि गोडी दोन्ही मिळतात. घड दिसायला लागले की पाण्याचा साठा पुन्हा मोजा. छाटणीपासून काढणीपर्यंतचे साडेदहा लाख लिटर हाताशी असतील तर तीस ठेवा. सात-आठ लाख असतील तर वीस-बावीस ठेवून बाकीचे तेव्हाच काढा. मणी ज्वारीएवढा झाल्यावर काढलेल्या घडाने पाणी आणि मजुरी दोन्ही खाल्लेली असते.

मजुरीचा हिशेब याच आकड्यावरून निघतो. समजा एक बाई दिवसात ४८० घडांची विरळणी करते, म्हणजे मिनिटाला एक. तीस घडांच्या वेली असतील तर एकरात २९,००० घड, म्हणजे साठ हजेऱ्या. चाळीस ठेवले तर ८१. मणी ४ मिलिमीटरचा झाल्यापासून ८ मिलिमीटरचा होईपर्यंत दहा दिवसांत हे काम उरकायचं असतं. उशीर झाला की मणी एकमेकांत घट्ट बसतात, कात्री आत जात नाही आणि शेजारचा मणी जखमी होऊन सडतो. तीस घडांना सहा बायका दहा दिवस पुरतात, चाळीसला आठ लागतात. सहाच मिळाल्या तर शेवटचा पाव एकर विरळणीविना राहतो आणि तोच माल लोकल भावात जातो.

विरळणीत हात सतत डोक्याच्या वर असतात. मांडव साडेपाच फुटांच्या वर असेल तर खांदा आणि मान दुसऱ्या दिवसापासून धरते आणि वेग पडतो. फूटभर उंचीचे मजबूत स्टूल द्या, दर दोन तासांनी दहा मिनिटं हात खाली सोडू द्या, आणि दुपारनंतर निम्म्या बायकांना पानं काढणं, घड मोकळे करणं अशा खालच्या कामाला फिरवा.

जीएच्या (मणी वाढवणाऱ्या जिबरेलिक आम्लाच्या) बुडवणीचं मोजमाप सोपं आहे: १०० लिटरला १ ग्रॅम म्हणजे १० पीपीएम. पावडर आधी थोड्या अल्कोहोल किंवा ॲसिटोनमध्ये विरघळवायची. हे विरघळवणं उघड्यावर करा आणि आगपेटी लांब ठेवा.

फवारणी: केवडा, मिलीबग आणि अवशेष

पंधरा दिवसांचं तयार शेड्युल आणून चालवणं सोडून द्या. पान किती तास ओलं राहिलं आणि पुढच्या दोन दिवसांत पाऊस आहे का, यावर केवड्याची फवारणी ठरते. दव लवकर वाळावं म्हणून वांझ फुटी काढणं आणि घडाजवळची दोन-तीन पानं काढणं हे बुरशीनाशकाच्या बरोबरीचं काम आहे. भुरी मात्र कोरड्या, ढगाळ हवेतही वाढते. दाट कॅनॉपीच्या आतल्या बाजूला आधी दिसते.

मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण अजूनही स्वस्त आणि खात्रीचं आहे. एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद ५० लिटरमध्ये आणि १ किलो चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपात, मग तिसऱ्या पिंपात एकत्र. स्वच्छ विळा पाच मिनिटं बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, तसंच फवारलं तर पान करपेल. त्याच दिवशी वापरा. तांबं मातीतून जात नाही, वर्षानुवर्षं साठत जातं आणि गांडूळ कमी होतात. त्यामुळे बोर्डो खरडीनंतरच्या पावसाळी दिवसांपुरतं ठेवा, बाकीच्या वेळी ट्रायकोडर्मा, बॅसिलस आणि भुरीसाठी ॲम्पेलोमायसिस या जैविक औषधांना जागा द्या. रासायनिक बुरशीनाशक आणि जैविक यांच्यात काही दिवसांचं अंतर ठेवायला विसरू नका, नाहीतर पैसे देऊन आणलेली बुरशी स्वतःच मारली जाते.

मिलीबगसाठी (पिठ्या ढेकणासाठी) खरडीनंतर खोडाची आणि ओलांड्याची (तारेवर नेलेल्या आडव्या फांदीची) सुटी साल हाताने काढून टाका, कारण पिल्लं तिथेच दडतात. मुंग्यांचा बंदोबस्त त्याआधी करा. मुंग्या गोड चिकट्यासाठी मिलीबगला सांभाळतात आणि शत्रूकीटकांना हुसकावतात. मग मिलीबग खाणारे क्रिप्टोलिमस भुंगेरे, हेक्टरी पाच हजार, सोडता येतात. ते सोडल्यावर विषारी कीटकनाशक फवारलं तर भुंगेरे आधी मरतात.

२०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, म्हणजे वाढ रोखणाऱ्या आपल्या सीसीसीच्या, अवशेषांवरून युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले होते. तेव्हापासून अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट नोंदणी आणि अवशेष तपासणी यांना वजन आलं. प्रत्येक फवारणीची तारीख, औषधाचा घटक, प्रमाण आणि काढणीपूर्व कालावधी वहीत लिहा. कंपनीचं नाव लिहून भागत नाही; एकच घटक तीन नावांनी विकला जातो.

फवारणाऱ्या माणसाला सकाळी पोटभर न्याहारी करून पाठवा आणि वाऱ्याची दिशा बघून ओळ धरा. बाहुल्या बारीक होणं, लाळ, घाम, उलटी, स्नायू थरथरणं ही कीटकनाशकाच्या विषबाधेची लक्षणं आहेत. कपडे उतरवून साबणाने अंग धुवा, बळजबरीने उलटी काढू नका, औषधाची बाटली किंवा लेबल बरोबर घेऊन दवाखान्यात पोचा. लेबलवरच डॉक्टरला उतारा कळतो. फवारणीनंतर लेबलवर दिलेल्या वेळेपर्यंत विरळणीची टोळी आत पाठवू नये. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, मग बाटलीला भोक पाडा. नान्नजकडे बागा माळढोक अभयारण्याच्या माळरानाला लागून आहेत. फवारणीच्या ब्लोअरची टाकी माळाच्या कडेला धुणं बंद करायला पाहिजे.

बोली, उचल आणि वही

उक्तं काम दोघांच्या सोयीचं असतं, पण दर हवेत ठरतो आणि भांडण तिथून सुरू होतं. पहिल्या दिवशी मध्यम वेगाच्या चार बायकांना रोजंदारीवर दोन ओळी करायला लावा आणि आठ तासांत माणशी किती वेली होतात ते पाहा. समजा सोळा झाल्या आणि रोज ४०० ठरला आहे, तर वेलीला २५ रुपयांच्या खाली दर जाऊ नये. सरकारी किमान वेतन त्याहून जास्त असेल तर ते धरा. एकाच कामाला बाईला कमी आणि गड्याला जास्त, ही रीत १९७६ च्या समान मोबदला कायद्यापासून बेकायदा आहे. “गडी छाटणी करतो, बाई विरळणी करते, कामच वेगळं” ही पळवाट सगळ्यांना ठाऊक आहे. बायकांना छाटणीचं प्रशिक्षण द्या, मग छाटणीच्या आठवड्यात माणूस मिळत नाही ही ओरडही कमी होते.

मुकादमाला उचल देताना कुणाच्या नावावर किती ते प्रत्येक मजुरासमोर वाचून दाखवा आणि सही-अंगठा घ्या. पैसे शक्य तितके मजुराच्या स्वतःच्या खात्यावर, आठवड्याच्या आठवड्याला द्या. मुकादमाचा कमिशनचा वाटा मजुरीतून न कापता वेगळा द्या. उचल फिटेपर्यंत माणसाला जाऊ न देणं ही वेठबिगारी आहे, आणि तिलाही १९७६ पासूनच कायद्याने बंदी आहे.

मजुरांना अपघाती विमा क्वचितच असतो. शेतकऱ्यासाठीची गोपीनाथ मुंडे योजना खातेदाराच्या घरापुरती आहे, मजुराला तिचा उपयोग नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे, १८ ते ७० वयाला चालतो, बँक खातं लागतं आणि अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. वीस जणांच्या टोळीचा हप्ता ४०० रुपये होतो. तो मालकाने भरावा.

मुक्कामी टोळीला पत्र्याच्या शेडमध्ये खत-औषधांच्या शेजारी झोपवू नका. औषधांची खोली कुलपाची, वेगळी, खिडकी असलेली हवी. संडास पाचशे मीटरच्या आत असावा. ग्लोबलगॅप या निर्यातीसाठीच्या प्रमाणपत्राची तपासणी तो बघतेच, पण निर्यात न करणाऱ्यालाही तो टाळता येत नाही. पॅकिंगच्या दिवसांत लहान मुलं बरोबर येतात, त्यांच्यासाठी सावलीची जागा आणि एका बाईची हजेरी धरा.

काढणी आणि बेदाणा

काढणी सकाळी, दव वाळल्यावर आणि ऊन चढण्याआधी. शेवटच्या फवारणीपासून काढणीपूर्व कालावधी पूर्ण झाला की नाही हे वहीवरून तपासा, आठवणीवरून नको. कात्रीची टोकं बोथट ठेवा. क्रेट वीस किलोच्या वर भरू नका. माल दबतो आणि उचलणाऱ्याची कंबर जाते.

बेदाण्याला गोडी २२ ब्रिक्सच्या वर हवी. त्याखाली तोडला तर चार किलोला एक किलो हा उतारा पडत नाही आणि बेदाणा हलका, सुरकुतलेला होतो. शंभर लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑईल, सामू ११ च्या जवळ, दोन ते चार मिनिटं बुडवणी. हे द्रावण कातडी खातं, म्हणून इथेही लांब मोजे हवेत. पहिल्या काही खेपांनंतर सामू उतरतो. न मोजता तसंच बुडवत राहिलं की निम्मी रॅक दोन दिवस उशिरा वाळते आणि तांबडी पडते. शेडमध्ये सावलीत बारा-पंधरा दिवस लागतात, ओल १५ टक्क्यांच्या आसपास आली की काढायचं. उरलेलं द्रावण विहिरीजवळ, ओढ्यात किंवा वेलीच्या बुडाशी ओतू नका.

गंधकाची धुरी देणार असाल तर खोली बंद करण्याआधी आतली माणसं नावानिशी मोजा. धुरीनंतर दारं-खिडक्या उघडून वास पूर्ण जाईपर्यंत कुणालाही आत जाऊ देऊ नका. दमा असलेल्या माणसाला निवडणीच्या कामावर ठेवा, धुरीच्या नको.